बोरीवरचा कोष आणि त्याची चार हजार वर्षांची हकीकत



आपल्या या पत्रिकेतून आपण बहुधा बियाणे, खत, पाणी आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. या अंकात मात्र एका किड्याचा इतिहास सांगायचा आहे. किड्याला कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण या किड्याला तो आहे, आणि तो आपल्या दक्खनच्या मातीशी, बांधावरच्या बोरीशी आणि वाडवडिलांच्या हातातल्या कामाशी जोडलेला आहे. हा किडा म्हणजे टसर रेशमाचा रानपतंग.

मंगळवेढ्याचा माणूस म्हणेल, "साहेब, आमच्याकडं कुठलं आलंय जंगल? भीमा आणि माण या दोन नद्यांच्या मधला आमचा मुलूख. काळं रान, रब्बीची ज्वारी आणि पावसाची कायमची ओढ." खरे आहे. ऐन-सागाचे दाट जंगल आपल्या तालुक्यात नाही. पण बोर आहे. बांधाला बोर, ओढ्याला बोर, माळाला बोराटी. आणि हा पतंग ज्या झाडांच्या पाल्यावर वाढतो त्यांत ऐन, अर्जुन यांच्या जोडीने बोरीचे नाव दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदींतही सापडते. म्हणून ही माहिती आपल्या कामाची आहे.

दुसरेही एक कारण आहे. अळी दिसली की पाठीला पंप, अशी आपली सवय होऊन गेली आहे. कोणती अळी, ती काय खाते, तिने किती नुकसान होईल, हे बघायला आपण थांबत नाही. ज्या किड्याला आपले पूर्वज नावाने ओळखत होते आणि कामाला लावत होते, तो आज समोर आला तर आपण त्याला ओळखू का? हा प्रश्न मनात ठेवून पुढचे वाचा.

हा पतंग आहे कसा?

मादी पंख पसरून बसली तर वीतभराला थोडी कमी, म्हणजे सहा-सात इंच भरते. रंग पिवळसर किंवा राखी. नर तिच्याहून लहान आणि विटकरी तांबूस. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका असतो. हा ठिपका नुसत्या रंगाचा नव्हे, तो अभ्रकाच्या तुकड्यासारखा आरपार असतो. त्याच्याभोवती रंगीत कडे असल्यामुळे तो डोळ्यासारखा दिसतो. पोरेसोरे हे डोळे पाहून घाबरतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. हा पतंग चावत नाही, डसत नाही.

नराच्या डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. अंधाऱ्या रात्री मादीचा वास तो या मिशांनी लांबून ओळखतो आणि तिच्यापर्यंत येतो. मादीच्या मिशा त्यामानाने अरुंद असतात.

आता मुख्य गोष्ट ऐका. या पतंगाला खाण्याचे तोंडच नसते. अळी असताना जे खाऊन साठवले तेवढ्यावरच तो जगतो. आठ-दहा दिवस जगायचे, जोडा जमवायचा, अंडी घालायची आणि मरायचे. म्हणजे पतंग झाल्यावर तो तुमच्या पिकाचे पान कुरतडू शकत नाही आणि फळातला रसाचा एक थेंबही पिऊ शकत नाही.

पाऊस आणि पतंग यांची सांगड

मृगाचा पाऊस पडला, हवेत ओलावा आला, झाडांना नवी पालवी फुटली की कोषात झोपलेला हा जीव जागा होतो. बाहेर पडायची वेळ बहुधा संध्याकाळची किंवा रात्रीची. कोष तर लाकडासारखा टणक. मग तो फुटतो कसा? आतला पतंग तोंडाकडून एक पातळ द्रव सोडतो. त्याने कोषातला डिंक मऊ होतो. मग तो धागे बाजूला सारत, ढोसरत वाट करून बाहेर येतो. बाहेर आल्यावर पंख ओले आणि चुरगळलेले असतात. फांदीला लटकून तो ते वाळवतो.

मादी साधारण दीडशे ते दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. अळी सुरुवातीला अगदी दोऱ्याएवढी असते. महिना-सव्वा महिना ती नुसती खात राहते आणि चार वेळा कात टाकते. पूर्ण वाढली की अंगठ्याहून जाड, बोटाहून लांब आणि वजनाला तीन-साडेतीन तोळे भरते. रंग पाल्यासारखा हिरवागार. अंगावर विरळ केस आणि कुशीला चांदीसारखे चमकणारे ठिपके. पाल्यात बसली तर शेजारी उभे राहूनही दिसत नाही.

मग ती कोष विणायला घेते. त्यातली हुशारी बघण्यासारखी आहे. आपण बांधकामात आधी पाया घालतो, तशी ही आधी देठ तयार करते. फांदीभोवती सुताची पक्की अंगठी घालायची, तिच्यापासून खाली मजबूत देठ आणायचा आणि त्या देठाला लोंबता कोष विणायचा. कारण उघड आहे. बोरीचे पान उन्हाळ्यात गळून पडते. कोष नुसता पानाला चिकटवला असता तर पानाबरोबर तोही खाली पडला असता आणि मुंग्यांचे फावले असते. फांदीला अंगठी घातल्यामुळे झाड निष्पर्ण झाले तरी कोष वाऱ्यावावधानात लटकत राहतो. आकाराने तो कबुतराच्या अंड्याएवढा, रंगाने पिवळट किंवा करडा. लांबून वाळके फळ वाटावे असा.

पावसाळ्यात तयार झालेल्या कोषातून काही आठवड्यांत पतंग निघतो आणि दुसरी पिढी सुरू होते. पण पाऊस संपता संपता जे कोष होतात त्यांतला जीव बाहेर येत नाही. हिवाळा आणि सगळा उन्हाळा तो कोषातच झोपून काढतो. पुन्हा पाऊस, पुन्हा पालवी, तेव्हा तो उठतो. आपण नांगरट करून पावसाची वाट बघत बसतो, त्या दिवसांत तोही आपल्यासारखाच वाट बघत असतो म्हणा ना.

नेवाशाच्या माळेचा दोरा

आता इतिहासाकडे वळू. रेशीम म्हटले की आपल्याला चीन आठवतो. तुतीच्या पानावरचा रेशीमकिडा माणसाने पाळला तो चीनमध्ये, हे खरेच आहे. पण रानातल्या पतंगाचे रेशीम आपल्या देशात फार जुने आहे. हडप्पा आणि चन्हुदडो या सिंधू संस्कृतीच्या गावांत सापडलेल्या दागिन्यांना आणि मण्यांना चिकटून राहिलेले धाग्यांचे बारीक अंश अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते रानपतंगांच्या रेशमाचे असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांत टसराच्या कुळातले रेशीमही ओळखू आले. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २४५० ते २०००. म्हणजे आजपासून चार हजार वर्षांहून जुनी गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रातही पुरावा आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे गाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या थरात लहान मुलाचे दफन मिळाले, आणि त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. तांब्याच्या गंजामुळे आतला दोरा थोडासा टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. लेकराच्या गळ्यातल्या माळेला कोणीतरी रेशमाचा धागा ओवला होता, तोही आपल्या दक्खनच्या पठारावर!

संस्कृतात रेशमी वस्त्राला कौशेय म्हणतात. कोशापासून झालेले ते कौशेय. पाणिनीच्या व्याकरणात हा शब्द साधून दाखवला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेय वेगळे आणि चीनहून आलेले चीनपट्ट वेगळे सांगितले आहे. म्हणजे परदेशी माल आणि देशी माल यांतला फरक त्या वेळच्या व्यापाऱ्याला चांगला ठाऊक होता.

आणि ज्ञानेश्वर माउलींनी ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कोशकीटकाचा दृष्टांत आहे. आपल्याभोवती आपणच घर विणून त्यात कोंडून घेणारा किडा, आपणच आपला वैरी होणारा. दृष्टांत द्यायचा तर ऐकणाऱ्याने ती वस्तू पाहिलेली असावी लागते. सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना कोष आणि त्यातला किडा परका नव्हता, एवढे यावरून समजते.

तोड्याच्या बंदुकीची वादी

यानंतरची हकीकत आपल्या अगदी जवळची आहे. पेशवाई बुडाल्यावर मुंबईच्या सरकारने दक्खनच्या मुलखाची बारकाईने माहिती गोळा करायला घेतली. त्या कामावर १८२४ साली विल्यम हेन्री साईक्स नावाचा लष्करी अधिकारी नेमला गेला. लोकसंख्या, जमीन, पिके, पाऊस यांची माहिती तो जमवीच, पण पक्षी, मासे, किडे यांचीही टिपणे ठेवी. पुढे १८५६ साली हाच साईक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला.

लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ साली त्याने दक्खनमधल्या रेशीमकिड्यावर लेख लिहिला. त्या किड्याचे नाव त्याने दिले आहे 'कोलिसुरा'. हे नाव काही त्याने बनवलेले नव्हे. इथल्या मराठी माणसाच्या तोंडून जे ऐकू आले ते त्याने आपल्या कानाने आणि आपल्या लिपीत उतरवून घेतले. तो हाच टसरचा पतंग, आणि त्याच्या खाण्याच्या झाडांत बोर आहे.

मराठे या कोषाचा उपयोग कशाला करत, तेही त्याने लिहून ठेवले आहे. धागा उकलून कापड विणण्याऐवजी ते अख्खा कोष घेऊन फिरवत फिरवत कापत. आपण एखाद्या फळाची साल न तुटू देता गोल काढतो ना, तशी. त्यामुळे कोषाची एक लांब चिवट पट्टी, म्हणजे वादीच, तयार होई. या वादीने तोड्याच्या बंदुकीची लोखंडी नळी लाकडी दस्त्याला आवळून बांधत. ही वादी चामड्याच्या वादीपेक्षा जास्त टिकते असा अनुभव होता.

जो माणूस बैलाच्या जुवाला आणि औताला वादी बांधत आला आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. चामडे भिजले की सैल पडते आणि वाळले की आखडते. बंदूक उडताना नळी तापते आणि हादरा बसतो. तिथे टिकणारी वादी हवी. रानात फिरणाऱ्या कोणा शिलेदाराने, शिकाऱ्याने किंवा गुराख्याने कोष हातात घेऊन पाहिला असेल, तोडून तुटत नाही हे त्याच्या ध्यानात आले असेल आणि त्याने तो कामाला लावला असेल. त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. शोध गावच्या माणसाचा आणि कागद साहेबाचा, असे शेतीच्या ज्ञानात पुष्कळदा झाले आहे.

साईक्सच्या आधी बंगालच्या बाजूला डॉ. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच किड्यावर लिहिले होते. ते १८०४ साली प्रसिद्ध झाले. त्यातही बोर आणि ऐन ही दोन झाडे आहेत. हा किडा घरात बांधून पाळता येत नाही, त्याला झाडावरच ठेवावे लागते, हे तिथल्या पाळणाऱ्यांनी त्याला सांगितले होते. ते आजही बरेचसे खरे आहे.

पुण्याचा प्रयोग आणि विदर्भाचा धंदा

पुढे १८७० नंतरच्या काळात पुण्याच्या बाजूला मेजर कूसमेकर या सर्व्हे खात्यातल्या अधिकाऱ्याने टसरचे किडे पाळण्याचे प्रयोग केले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या लीक गावचे थॉमस वॉर्डल हे रंगारी टसरच्या मागे लागले होते. टसरचा मूळ रंग मातकट. त्यावर दुसरा रंग नीट चढत नसे. वॉर्डल यांनी ती अडचण सोडवली आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात रंगवलेले टसर मांडले. त्यानंतर या रानरेशमाला युरोपात मागणी आली. पण एवढे होऊनही पश्चिम महाराष्ट्रात टसरचा धंदा रुजला नाही.

तो टिकला विदर्भात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाची झाडे मुबलक आहेत. तिथला ढिवर समाज मासेमारीच्या जोडीला पिढ्यान् पिढ्या टसर पाळत आला आहे. गडचिरोलीतले आरमोरी हे त्यासाठी प्रसिद्ध आहे. अळ्या झाडावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि कोष होईपर्यंत रात्रंदिवस राखण करायची. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी, सगळेच टपलेले असतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. तिकडे तसेच अळीसाठी करतात. आपण कणसाची राखण करतो, ते किड्याची.

या टसराच्या सुतापासून विदर्भातले विणकर करवती किनारीच्या साड्या विणतात. अंग टसरचे, काठ सुती आणि किनारीवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. संशोधनासाठी रांचीजवळ केंद्रीय टसर संशोधन संस्था १९६४ पासून काम करते. महाराष्ट्र शासनाने १९९७ साली नागपूर येथे स्वतंत्र रेशीम संचालनालय सुरू केले.

मग आपण टसर पाळावा का?

हा प्रश्न तुमच्या मनात येणारच, म्हणून स्पष्ट सांगतो. मंगळवेढा भागात उत्पन्नासाठी टसर पाळण्याच्या भरीस पडू नका. त्याला ऐन-अर्जुनाची शेकडो झाडे एका ठिकाणी लागतात, दमट हवा लागते आणि रानात राहून राखण करणारी माणसे लागतात. आपली बोर बांधावर विखुरलेली, हवा कोरडी, पाऊस बेभरवशाचा. कोणी टसरची अंडी विकत देऊन मोठ्या नफ्याची आशा दाखवली तर आधी जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन विचारा.

रेशमातून उत्पन्न घ्यायचे असेल तर आपल्याकडे तुतीचा मार्ग आहे. सोलापूर जिल्ह्यात अनेक शेतकरी तुती लावून शेडमध्ये किडे पाळतात. तो किडा मात्र या रानपतंगाहून अगदी वेगळा. हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहून तो इतका पाळीव झाला आहे की त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरचा पतंग अजून रानाचाच राहिला आहे. शेळी आणि हरिणात जो फरक, तोच या दोघांत समजा.

तेव्हा टसरकडे धंदा म्हणून बघू नका, आणि कीड म्हणूनही बघू नका. बोरीच्या एखाद्या झाडावर दहा-वीस अळ्या झाल्या तरी मोठे झाड तेवढा पाला सहज सोसते. पावसाळ्यात बोरीला पुन्हा फूट येते.

सगळे मोठे पतंग सारखे नव्हेत

कोणी म्हणेल, "मग मोठा पतंग दिसला की सोडूनच द्यायचा का?" तसे नाही. डाळिंबाच्या बागा असलेल्यांनी हे नीट वाचावे. आपल्या आणि सांगोला, पंढरपूर भागातल्या डाळिंबाला, तसेच मोसंबी-संत्र्याला त्रास देणारा एक मोठा पतंग आहे. त्याला फळातील रस शोषणारा पतंग म्हणतात. त्याची सोंड दाभणासारखी कडक असते. रात्री ती पिकत आलेल्या फळात खुपसून तो रस पितो. भोकातून बुरशी आत शिरते, फळ सडते आणि गळते. याची अळी फळबागेत नसतेच. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. त्यामुळे बागेत कितीही फवारले तरी पतंग बाहेरून येतच राहतो.

दोघांची ओळख अशी पटवा. रस शोषणाऱ्या पतंगाचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे पंख नारिंगी-पिवळे आणि त्यांवर काळे डाग. आकाराने तो टसरच्या निम्म्याच्या आसपास. टसरच्या चारही पंखांवर आरपार दिसणारे गोल डोळे असतात आणि त्याला सोंड नसते.

अळीचीही गफलत होते. तिळावर एक जाड हिरवी-पिवळी अळी येते, तिच्या शेपटाकडे शिंगासारखा काटा असतो. ती वेगळ्या पतंगाची. टसरच्या अळीला तसा काटा नसतो आणि ती तिळावर जात नाही.

एवढे लक्षात ठेवा

१. उन्हाळ्यात बोरीची छाटणी केल्यावर फांद्या पेटवण्याआधी किंवा कुंपणाला ओढण्याआधी एकदा नजर टाका. पाने गळलेली असल्यामुळे कोष सहज दिसतो. देठाकडच्या टोकाला भोक असेल तर तो रिकामा. भोक नसेल आणि हातात जड लागला तर आत जीव आहे. ती डहाळी कोषासकट कापून बांधावरच्या दुसऱ्या झाडाला, सावलीच्या बाजूला बांधून ठेवा.

२. गावरान बोरीवर मोठ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. कलमी बोरीच्या लहान रोपावर अळी आली तर ती बसलेली डहाळी कापून गावरान बोरीवर ठेवा. हाताने ओढून काढू नका. अळी पायांनी घट्ट धरते आणि ओढल्यास जखमी होते.

३. बांधावरची बोर मुळासकट काढण्यापूर्वी विचार करा. बोर दुष्काळात तग धरते, शेळ्यांना पाला देते, पोरांना फळ देते आणि बांध धरून ठेवते. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला दुष्काळ म्हणजे काय आणि दुष्काळात टिकणाऱ्या झाडाचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

४. प्रकाश सापळा लावला असेल तर तो संध्याकाळी दोन-तीन तासच चालू ठेवा. त्यात पंखांवर डोळे असलेला मोठा पतंग आला तर हलक्या हाताने उचलून अंधारात सोडून द्या.

५. डाळिंबाला रस शोषणाऱ्या पतंगाचा उपद्रव असेल तर बागेच्या आसपासच्या वासनवेली आणि गुळवेली काढा. औषधासाठी गुळवेल ठेवायची असेल तर घराजवळ, नजरेखाली ठेवा. गळलेली, सडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरा. फळांना पिशव्या घाला. फळे पिकण्याच्या दिवसांत तिन्हीसांजेला बागेत धूर करा.

६. शेजारी कोणाची तुती असेल तर फवारणीपूर्वी त्याला सांगा आणि वाऱ्याची दिशा बघा. तुतीच्या पानावर औषधाचा अंश गेला तर शेडमधले किडे मरतात आणि शेजाऱ्याचा महिन्याचा पगार बुडतो.

७. घरातल्या, वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बोरीवरच्या या कोषाला तुमच्या लहानपणी काय म्हणत? कोणी तो कशाला वापरलेला पाहिला आहे का? साईक्सला दोनशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी नाव सांगितले म्हणून ते टिकले. आजीला, आजोबांना आठवत असेल तर ते लिहून ठेवा आणि आपल्या कार्यक्रमाकडे पत्राने कळवा.

बंधू-भगिनींनो, कीड ओळखून मारणे हे शेतीचे निम्मे शहाणपण आहे. उरलेले निम्मे म्हणजे जी कीड नाही तिला ओळखून सोडणे. नेवाशाच्या लेकराच्या माळेत रेशीम ओवणारे हात आणि बंदुकीला कोषाची वादी आवळणारे हात आपल्याच मुलखातले होते. त्या हातांना या किड्याची पारख होती. पंप उचलण्याआधी पान उलटून बघितले, अळी नीट पाहिली, शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून कृषी कार्यालयात दाखवला, की ती पारख आपल्यालाही येईल. शिवाय फवारणीचा खर्च वाचेल तो वेगळाच.

पुढच्या अंकात रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्व तयारीची माहिती देऊ. तोवर राम राम.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी